टर्बो इंजिनाची पुनर्बांधणी : दाबाचा आणि दामाचा हिशेब

जबलपूर म्हटले की नर्मदा, भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधार धबधबा डोळ्यांसमोर येतो. या शहराची दुसरी ओळख मात्र लोखंडाची आहे. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, सुरू झाला. १९५९ मध्ये जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानुसार बनलेले शक्तिमान ट्रक याच कारखान्यातून बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली आणि सैन्याची लाडकी जोंगा येथे आकाराला आली. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावातील अक्षरे जुळवून तिचे नाव ठेवले गेले, असे सांगितले जाते. पुढे याच कारखान्यात सैन्यासाठी टाटांचे एलपीटीए ७१३ हे ट्रक तयार होऊ लागले. त्यांच्या नावापुढील ‘टीसी’ ही अक्षरे टर्बोचार्जरची. २०२१ पासून हा कारखाना आर्मर्ड व्हेईकल्स निगम या सार्वजनिक कंपनीचा भाग आहे.

ज्या शहरात घरोघरी कोणी ना कोणी इंजिनाशी आयुष्य घालवलेले असते, त्या शहरात जुनी गाडी मोडीत काढण्याऐवजी तिचे इंजिन पुन्हा बांधण्याचा विचार होणे स्वाभाविकच आहे. परंतु साध्या इंजिनाची पुनर्बांधणी आणि वाढीव दाबाच्या टर्बो इंजिनाची पुनर्बांधणी यांत मोठे अंतर आहे. हे अंतर तांत्रिक आहे, तितकेच आर्थिकही आहे. ते आधी लक्षात आले नाही, तर अर्धवट उघडलेले इंजिन वर्षानुवर्षे गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहते आणि त्यात अडकलेला पैसाही तेथेच पडून राहतो.

एक प्रातिनिधिक कुटुंब

विषय सोपा व्हावा म्हणून एका काल्पनिक कुटुंबाचे उदाहरण घेऊ. रांझी भागात राहणारे हे मराठी कुटुंब. वडील कारखान्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गुंतवलेला. मुलगा खासगी नोकरीत. त्याच्याकडे २००५ सालची, जुन्या बाजारातून घेतलेली, १.८ लिटरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. अशा गाड्या भारतात फार नव्हत्या. २००४ मध्ये आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही त्यांतील सर्वांना ठाऊक असलेली. मुलाच्या गाडीचे इंजिन आता तेल खाते, निळा धूर सोडते आणि चढावर दमते.

इंजिन बांधायचेच आहे, तर ते अधिक शक्तिशाली का करू नये, असे मुलाच्या मनात आले. मूळचा दाब साधारण अर्धा बार. तो दीड बारपर्यंत न्यावा, मजबूत पिस्टन व कनेक्टिंग रॉड घालावेत आणि मोठा टर्बो बसवावा, असा त्याचा बेत. पिस्टन-रॉडसाठी १,४०,००० रुपये आणि टर्बोसाठी १,००,००० रुपये, म्हणजे एकूण २,४०,००० रुपये, एवढाच खर्च त्याने कागदावर मांडला. “कमी पडले तर माझी ठेव मोडू,” असे वडील म्हणाले. या एका वाक्यामुळे हा केवळ गाडीचा प्रश्न राहिला नाही. तो घराचा प्रश्न झाला.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनाची शक्ती अखेर हवेवर अवलंबून असते. जितकी अधिक हवा सिलिंडरमध्ये जाईल, तितके अधिक इंधन जाळता येते. साधे इंजिन केवळ पिस्टनच्या ओढीने हवा घेते. टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रे असतात. एक चक्र सायलेन्सरकडे निघालेल्या तप्त वायूने फिरते. दुसरे त्याच्याबरोबर फिरून ताजी हवा दाबून इंजिनात भरते. मोटारीच्या टर्बोचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्याही पुढे जातो आणि त्याचा दांडा केवळ तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले.

तिचा प्रभाव जबलपूरच्याच उदाहरणाने समजतो. जोंगाचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन जवळपास चार लिटरचे होते आणि शक्ती सुमारे ११० अश्वशक्ती. १.८ लिटरच्या टर्बो ऑक्टाव्हियाची शक्ती १५० अश्वशक्ती होती. इंजिनाची जलद गती आणि सुधारलेली रचना यांचाही त्यात वाटा आहे. पण निम्म्याहून लहान इंजिनाने अधिक शक्ती द्यावी, यामागे टर्बोने भरलेली हवा हे महत्त्वाचे कारण आहे.

ही शक्ती फुकट मिळत नाही, हे मोटारजगताला फार लवकर कळले. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो मोटार बाजारात आली. दाबामुळे इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून सोडले जाई. ही टाकी वेळोवेळी भरण्याचा मालकांना कंटाळा येई. गाडी दोन वर्षांतच बंद झाली. १९८०च्या दशकात फॉर्म्युला वन शर्यतींतील दीड लिटरची टर्बो इंजिने हजार अश्वशक्तीच्या पलीकडे गेली; पण पात्रता फेरीसाठी सर्वाधिक दाबावर चालवलेल्या इंजिनाचे आयुष्य अवघ्या काही फेऱ्यांचे असे. दाब वाढला की आयुष्य घटते, किंवा आयुष्य टिकवण्यासाठी खर्च वाढतो. तिसरा मार्ग नाही.

दाब वाढला की काय काय वाढते?

अर्धा बार वाढीव दाब असताना इंजिनात जाणाऱ्या हवेचा एकूण दाब, वातावरणाचा दाब धरून, सुमारे दीड बार असतो. वाढीव दाब दीड बार केला की एकूण दाब अडीच बारच्या घरात जातो. तापमान तेच ठेवता आले तर हवा सुमारे दोन तृतीयांशाने वाढते. तितकेच इंधन वाढवावे लागते. म्हणजे इंधन पंप आणि इंजेक्टर यांची क्षमताही त्या प्रमाणात हवी. ती नसेल तर मिश्रणात इंधन कमी पडते, ज्वलन अतितप्त होते आणि पिस्टनचा माथा वितळू शकतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सायकलचा पंप मारताना तळाशी तो गरम होतो, तसेच येथे घडते. जबलपूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणे नित्याचे आहे. बाहेर ४२ अंश तापमान आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर एक बार वाढीव दाबाला हवा १४० अंशांच्या पलीकडे तापते आणि दीड बारला ती १८० अंशांच्या जवळ पोहोचते. तप्त हवेमुळे पेट्रोल वेळेआधीच भडकण्याचा धोका वाढतो. हाच तो इंजिनातील ठोका. म्हणून इंटरकूलर लागतो, आणि दाब वाढवला तर तो मोठा लागतो. पेट्रोलच्या ऑक्टेन क्रमांकाचाही येथे संबंध येतो. अधिक ऑक्टेनचे, महाग पेट्रोल लागणार असेल, तर तो एकदाचा खर्च नाही. गाडी चालेल तोवर प्रत्येक लिटरमागे तो द्यावा लागणार आहे.

तिसरी गोष्ट ताकदीची. ८१ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५१ चौरस सेंटिमीटर भरते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील दाब ८० बार झाला, तर त्या पिस्टनवर चार टनांच्या आसपास भार येतो. दाब १०० बारवर गेला की भार पाच टनांपुढे जातो. हा भार कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेडचे बोल्ट आणि गॅस्केट या सर्वांना सोसावा लागतो. त्यानंतर तो क्लचकडे, गिअरबॉक्सकडे आणि शेवटी टायरकडे जातो. गाडी अधिक जोराने धावणार असेल, तर तितक्याच खात्रीने थांबलीही पाहिजे. म्हणून ब्रेकही या साखळीत येतात.

तात्पर्य, दाबाचा आकडा हीच अंदाजपत्रकाची पहिली ओळ होय. तो ठरल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. आधी दाब ठरवावा, मग दाम.

निदान आधी, खरेदी नंतर

इंजिन खोलण्यापूर्वी ते का बिघडले, हे शोधणे आवश्यक असते. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजणे, दाबलेली हवा कोठून गळते हे पाहणे, तेलाचा दाब तपासणे आणि टर्बोच्या दांड्याला किती हालचाल आहे हे हाताने पडताळणे, या चाचण्यांना तुलनेने अल्प खर्च येतो. निळा धूर पिस्टनच्या रिंगमधून येत असेल, व्हॉल्व्हच्या सीलमधून येत असेल किंवा केवळ टर्बोच्या सीलमधूनही येत असेल. शेवटचे कारण निघाले, तर संपूर्ण इंजिन बांधण्याची गरजच उरत नाही. निदानावर केलेला थोडा खर्च कित्येकदा सर्वांत अधिक बचत करून देतो.

निदानानंतर इंजिन खोलावे, धुवावे आणि मोजावे. सिलिंडर किती झिजला आहे आणि किती लंबवर्तुळाकार झाला आहे, हे डायल गेजने पाहावे लागते. बोअर वाढवावा लागला तर पिस्टन पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठे लागतात. उत्साहाच्या भरात आधीच मूळ मापाचे महागडे पिस्टन मागवले आणि नंतर ब्लॉक बोअर करावा लागला, तर ते पिस्टन निरुपयोगी ठरतात. क्रँकशाफ्ट घासावी लागली तर बेअरिंगचे मापही बदलते. म्हणून मापन प्रथम, मागणी नंतर. उदाहरणातील वडिलांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. कारखान्यात मापाची नोंद झाल्याशिवाय कोठारातून सुटा भाग मिळत नसे. तीच शिस्त त्यांनी घरी आणली.

पूर्ण अंदाजपत्रक

वडील आणि मुलगा यांनी कागदावर दहा शीर्षके मांडली. पुढील आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत. प्रत्यक्ष दर गाडी, शहर आणि कारागीर यांनुसार वेगळे असतील. प्रथम दीड बार दाबाच्या बेताचे अंदाजपत्रक :

१. इंजिन उतरवणे, खोलणे, धुणे, मापन : २५,००० रुपये
२. मशीन शॉपचे काम. बोअर, होनिंग, क्रँक, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट : ४५,००० रुपये
३. मजबूत पिस्टन, रिंग, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग : १,४०,००० रुपये
४. गॅस्केट संच, हेडचे नवे बोल्ट, तेल पंप, पाण्याचा पंप, टायमिंग बेल्ट : ५५,००० रुपये
५. मोठा टर्बो आणि त्याच्या तेल-पाण्याच्या नळ्या : १,००,००० रुपये
६. मोठा इंटरकूलर व पाइप : ३५,००० रुपये
७. इंधन पंप व इंजेक्टर : ४०,००० रुपये
८. इंजिनाच्या संगणकाची नवी जुळणी, संवेदक, डायनो चाचणी : ६०,००० रुपये
९. क्लच, ब्रेक, टायर : ९०,००० रुपये
१०. तेल, कूलंट, वाहतूक, परवानगी व विम्याचा खर्च : ३०,००० रुपये

एकूण ६,२०,००० रुपये. यात मुलाने सुरुवातीला धरलेली तिसरी आणि पाचवी ओळ मिळून केवळ २,४०,००० रुपये होतात. उरलेले ३,८०,००० रुपये त्याच्या हिशेबात नव्हतेच. हीच चूक बहुतेकांकडून होते. चकाकणारे भाग लक्षात राहतात. धुणे, मापणे, गॅस्केट, जुळणी आणि चाचणी यांचा विसर पडतो. इंजिन टिकते ते मात्र याच कामांमुळे.

यापैकी काही खर्च टाळण्याचा मोह होतो, तो आवरलाच पाहिजे. हेडचे अनेक बोल्ट घट्ट करताना ठरावीक ताण घेतात आणि पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत. जुना टर्बो तुटला असेल तर त्याचे धातूचे कण इंटरकूलरमध्ये आणि तेलाच्या मार्गात अडकून राहतात. ते न काढता नवे इंजिन सुरू केले, तर तेच कण नवे बेअरिंग खातात. टर्बोला तेल देणारी बारीक नळी आतून काजळीने बुजलेली असते. ती बदलली नाही तर नवा टर्बोही तेलावाचून जळतो. शंभर रुपयांत हजार वाचवल्याचे समाधान अशा ठिकाणी लाख रुपयांचे नुकसान करून जाते.

परदेशातून भाग मागवायचे असतील, तर वस्तूची किंमत ही खर्चाची केवळ सुरुवात असते. वाहतूक, सीमाशुल्क, एकात्मिक वस्तू व सेवा कर आणि विनिमय दरातील चढउतार यांची भर पडते. देशांतर्गत सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. “बिल नको, कर वाचेल” या सल्ल्याकडे दुर्लक्ष करणेच योग्य. बिलाविना हमी नाही, आणि हमीविना तक्रारीला आधार नाही.

अनपेक्षित खर्चाची तरतूद

इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय त्याची खरी अवस्था कळत नाही. हेडला सूक्ष्म तडा असू शकतो. क्रँक मर्यादेपलीकडे घासलेली असू शकते. जुना बोल्ट ब्लॉकमध्येच तुटू शकतो. म्हणून एकूण रकमेच्या २० टक्के स्वतंत्र तरतूद असावी. उदाहरणात ती १,२४,००० रुपये येते आणि अंदाजपत्रक ७,४४,००० रुपयांवर जाते. म्हणजे मूळ कल्पनेच्या तिपटीहून अधिक.

ही तरतूद अधिक चांगला टर्बो किंवा चकचकीत झाकण घेण्यासाठी नसते. काम संपल्यावर ती उरली, तर नियोजन चुकले असे नव्हे. नियोजन साधले असे समजावे.

आकडा पाहून मुलाने दुसरे अंदाजपत्रक केले. दाब मूळचाच ठेवायचा. इंजिन मात्र निर्दोष बांधायचे. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व दहाव्या ओळीत बदल झाला नाही, कारण धुणे, मापणे आणि गॅस्केट यांना दाब कमी असल्याने सूट मिळत नाही. मूळ प्रतीचे पिस्टन, रिंग व बेअरिंग ६०,००० रुपये, टर्बोची दुरुस्ती ४०,०००, इंटरकूलरची स्वच्छता व पाइप १०,०००, इंजेक्टर व पंप यांची तपासणी १०,०००, जुळणी व चाचणी १०,०००, क्लच २५,०००. एकूण ३,१०,००० रुपये, तरतूद ६२,००० रुपये. सारे मिळून ३,७२,००० रुपये. पहिल्या बेताच्या बरोबर निम्मे.

कायदा आणि विमा

वाढीव दाबाचा विचार करताना आणखी एक कागद उघडून पाहावा लागतो, तो म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या आणि नोंदणीत दाखवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे, हाही नियोजनाचाच भाग आहे. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० रुपये झाले आहे. इंजिनावर काही लाख खर्च करण्यापूर्वी गाडीचा सांगाडा, गंज आणि नोंदणीची उरलेली मुदत पाहणे शहाणपणाचे. गाडीच नूतनीकरणाच्या तपासणीत टिकणार नसेल, तर उत्तम इंजिनाचा उपयोग काय?

विम्याचेही तसेच. विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. वाहनातील महत्त्वाचा बदल कंपनीला कळवला नाही, तर अपघातानंतर दावा अडचणीत येऊ शकतो. शिवाय विम्याची रक्कम गाडीच्या घसारा वजा जाता उरलेल्या मूल्यावर ठरते. इंजिनावर झालेला खर्च त्यात आपोआप मिळत नाही. वीस वर्षांच्या गाडीत सात लाख घातले म्हणून ती सात लाखांनी महाग विकली जात नाही. हा खर्च गुंतवणुकीचा नाही, आवडीचा आहे. आवडीसाठी खर्च करण्यात गैर काही नाही. त्याला गुंतवणूक म्हणण्यात मात्र गैर आहे.

पैसा कोठून आणावा?

आवडीचा खर्च आवडीच्या बचतीतून व्हावा, हा सर्वांत सुरक्षित नियम. ३,७२,००० रुपयांसाठी दरमहा १५,५०० रुपये आवर्ती ठेवीत भरले, तर व्याज न धरताही २४ महिन्यांत रक्कम जमते. या दोन वर्षांत निदान करता येते, दरपत्रके मिळवता येतात आणि मनही स्थिर होते. दोन वर्षांनीही इच्छा तितकीच प्रबळ असेल, तर काम खुशाल सुरू करावे.

कर्जच काढायचे असेल तर हप्त्याबरोबर एकूण व्याजही पाहावे. उदाहरणार्थ, ३,००,००० रुपये १२ टक्के दराने ३६ महिन्यांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ९,९६४ रुपये बसतो आणि मुदतीत सुमारे ५८,७०० रुपये व्याज जाते. ही रक्कम अंदाजपत्रकाची अकरावी ओळ म्हणून लिहिली पाहिजे. गाडी गॅरेजमध्ये असेल, तेव्हाही हप्ता चालूच असतो. त्या काळातील रिक्षा-बसचा खर्चही धरावा.

आता वडिलांच्या ठेवीविषयी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील खाते मुदतीपूर्वी बंद केल्यास, पहिल्या वर्षाच्या आत दिलेले व्याज वसूल केले जाते. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान मुद्दलातून दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कपात होते. तथापि, खरे नुकसान या कपातीचे नसते. दर तिमाहीला घरात येणारे उत्पन्न बंद होते, आणि उतारवयात ते पुन्हा उभे करणे कठीण असते. औषधपाणी, घरखर्च आणि आकस्मिक गरज यांसाठी ठेवलेला पैसा छंदाकडे वळवू नये. वडिलांनी प्रेमाने देऊ केला, तरी मुलाने तो घेऊ नये.

कामाचा क्रम आणि देयके

कारागिराशी बोलणी तोंडी न ठेवता एका कागदावर घ्यावीत. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत : इंजिन उतरवून मापांची लेखी नोंद मिळाल्यावर पहिला हप्ता; मशीन शॉपचे काम तपासल्यावर दुसरा; जोडणी पूर्ण झाल्यावर तिसरा; आणि ठरावीक अंतर चालवून तेल बदलल्यावर अखेरचा. संपूर्ण रक्कम आगाऊ देणे टाळावे. धनादेशाने किंवा खात्यातून दिलेली रक्कम नोंद ठेवते. रोख रकमेची आठवण दोघांची वेगवेगळी असू शकते.

विशेष मशीनकाम किंवा डायनो चाचणी जबलपूरबाहेर, समजा पावणेतीनशे किलोमीटरवरील नागपूरला, करायचे ठरले तर इंजिनाची ने-आण, पेटी आणि दोन फेऱ्यांचा प्रवास आधीच धरावा. चांगला कारागीर दूर असणे ही अडचण नाही. त्या अंतराचा खर्च विसरणे ही अडचण आहे.

नव्या इंजिनाचे पहिले दिवसही अंदाजपत्रकात येतात. सुरू करण्यापूर्वी टर्बोपर्यंत तेल पोहोचले आहे, याची खात्री करावी. पहिली हजार-दीड हजार किलोमीटर गाडी जपून चालवावी, दाब कमी ठेवावा आणि पहिले तेल लवकर बदलावे. त्यात बारीक धातूकण उतरलेले असतात. पुढेही दूरच्या, वेगवान प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ मंद गतीवर चालू ठेवावे. त्याला पैसे पडत नाहीत. टर्बोचे आयुष्य मात्र वाढते.

अखेरचा निर्णय

उदाहरणातील घरात शेवटी काय ठरले? मुलाने मूळ दाबाचा बेत स्वीकारला आणि आवर्ती ठेव उघडली. वडिलांची ठेव जागेवर राहिली. वडिलांनी दुसरी मदत देऊ केली आणि ती मुलाने आनंदाने घेतली : इंजिन खुलेल त्या दिवशी ते गॅरेजमध्ये उभे राहतील, मापे वहीत उतरवतील आणि प्रत्येक बोल्टचा हिशेब ठेवतील. ज्या हातांनी आयुष्यभर देशाची वाहने जोडली, त्या हातांना घरच्या गाडीत हे स्थान मिळणे उचितच होय.

दीड बारचा बेत चुकीचा होता असे नाही. पुरेशी बचत, परवानगी आणि योग्य कारागीर ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी तो खुशाल करावा. पण कोणताही दाब निवडण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे इंजिन पहिल्याच महिन्यात पुन्हा बिघडले, तर घराची घडी विस्कटेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर बेत आवाक्यातला आहे. उत्तर ‘हो’ असेल, तर दाब कमी करावा. इंजिनातीलही आणि घरावरीलही.